हॉकीतली ताकद आणि आपली किडकिडीत पोरं

भारताचा हॉकी संघ युरोपातल्या एखाद्या संघाकडून हरला की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं. "आपल्याकडे कला आहे हो, पण ताकदीत आपण कमी पडतो." चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर रेंगाळणाऱ्या गप्पांमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कोण म्हणालं याकडेही लक्ष जात नाही. वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण तेच वाक्य शाळेच्या मैदानावर उतरलं की त्याचा निकाल होतो. आठवीतला एखादा पोरगा रांगेतून बाजूला काढला जातो, कारण त्याच्या मनगटाचं हाड दिसतं. शेजारचा दणकट पोरगा आत घेतला जातो, कारण तो 'फॉरवर्डसारखा दिसतो'.

म्हणून या 'ताकद' शब्दाची जरा झडती घ्यावी म्हणतो. आघाडीला खेळणाऱ्या तरुण खेळाडूंनी आपलं शरीर कसं वापरलं, कोणाचं टिकलं, कोणाचं मोडलं, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं की आपली बरीचशी समजूत हलते.

शब्द आला बर्फावरून

धिप्पाड, अंगावर घेणारा आणि तरीही गोल करणारा आघाडीपटू म्हणजे 'पॉवर फॉरवर्ड'. हॉकीत हा शब्द रुळला तो कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीमुळे. तो खेळ आपल्या हॉकीपेक्षा फार वेगळा. तिथे चकती ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने धडक देणं नियमात बसतं, मैदानाभोवती फळ्यांची भिंत असते आणि माणूस त्या भिंतीवर आदळला तरी खेळ चालू राहतो. साहजिकच तिथे दांडग्या शरीराला भाव आहे.

या प्रकारातले तीन खेळाडू बघा. बोस्टनचा कॅम नीली हा तर या प्रकाराचा नमुनाच समजला जातो. धडक देऊन जागा करायची आणि त्याच झटक्यात फटका मारायचा, ही त्याची रीत. 1991 मध्ये मांडीला बसलेल्या एका धडकेनंतर त्याच्या स्नायूत हाड धरू लागलं, गुडघाही गेला. तरी 1993-94 च्या हंगामात त्याने आपल्या 44 व्या सामन्यातच पन्नासावा गोल केला. पण शरीराने पुढे साथ दिली नाही. 726 सामन्यांनंतर, वयाच्या 31 व्या वर्षी त्याला थांबावं लागलं.

दुसरा एरिक लिंड्रॉस. सहा फूट चार इंच उंची, शंभर किलोच्या वर वजन. अठराव्या वर्षी, 1991 च्या निवडीत त्याचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं आणि बाविसाव्या वर्षी तो लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. लहानपणापासून तो बरोबरीच्या पोरांपेक्षा इतका मोठा होता की कोणी समोरून येतंय का हे पाहायची गरज त्याला पडली नसावी. मान खाली, चकतीवर नजर आणि मधून सरळ मुसंडी. मोठ्यांच्या लीगमध्ये मात्र त्याच्याएवढीच माणसं समोर होती. मेंदूला हादरे बसत गेले. मे 2000 मध्ये स्कॉट स्टीव्हन्सची खांद्याची धडक त्याला बसली तेव्हाही त्याची मान खालीच होती. त्यानंतरचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट, तोही तसाच धिप्पाड, मेंदूला बसलेल्या हादऱ्यांमुळे विसाव्या वर्षीच खेळातून बाहेर पडला होता.

तिसरा जरोम इगिनला. नायजेरियन बापाचा, कॅनडात वाढलेला हा खेळाडू उंचीने लिंड्रॉसपेक्षा कमी. मारामारीचं त्याला वावडं नव्हतं, धडका त्यानेही दिल्या-घेतल्या. पण गोलजवळ जागा धरायची, चेंडूऐवजी चकती असली तरी तत्त्व तेच, पास येईपर्यंत तोल सांभाळायचा आणि मनगटाने झटपट फटका सोडायचा, यावर त्याची भिस्त होती. तो 1554 सामने खेळला आणि 625 गोल केले. लिंड्रॉसचे सामने झाले 760.

नशिबाचा भाग यात असतोच, ते कोणी नाकारू नये. पण तिघांना एकच विशेषण लावणारा माणूस यातला मुख्य फरक पाहत नाही. एकाने ताकद समोरच्यावर आदळण्यात घातली, दुसऱ्याने आपण हलवले जाऊ नये यासाठी ठेवली. खुद्द त्या लीगनेही 2010 मध्ये बाजूने येऊन डोक्याला लक्ष्य करणाऱ्या धडकेवर बंदी घातली. धडकेची हौस असलेल्या खेळालाही तिची किंमत मोजून मग नियम करावा लागला.

आपल्या हॉकीत धडक चालत नाही

आता आपल्या मैदानावर येऊ. आपल्या हॉकीत धक्का देणं हा फाऊल आहे. एवढंच कशाला, फुटबॉलमध्ये जसं पाठ करून, अंगाची आड करून चेंडू झाकता येतो तसंही इथे करता येत नाही. प्रतिस्पर्धी चेंडू घ्यायच्या अंतरात असताना शरीर मध्ये घातलं की पंचांची शिट्टी वाजते. मग छाती आणि दंड यांचा इथे थेट उपयोग किती?

हॉकीतली ताकद कुठे असते ते एकदा सामना पाहताना चेंडू सोडून खेळाडूच्या कमरेकडे पाहा. दोन्ही हातांत काठी, चेंडू जमिनीवर, त्यामुळे धावणारा माणूस पूर्ण वाकलेला. त्या अवस्थेत दहा-बारा पावलं सुसाट जायचं, एका पावलात थांबायचं, दिशा बदलायची आणि पुन्हा सुटायचं. हे साठ मिनिटांच्या सामन्यात किती वेळा करता येतं, त्यावर आघाडीपटूची किंमत ठरते. मांड्या, कंबर, पोट, मनगट आणि फुप्फुसं, ही हॉकीची ताकद. शर्ट घातल्यावर यातलं फारसं काही दिसत नाही.

खेळ बदलला हेही खरं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये गवताच्या जागी कृत्रिम मैदान आलं आणि चेंडूचा वेग वाढला. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला, त्यामुळे आघाडीपटू थेट गोलरक्षकाच्या पुढ्यात जाऊन उभा राहू लागला. हवे तेवढे बदली खेळाडू आत-बाहेर करता येऊ लागले आणि रिओपासून ऑलिंपिक सामनेही पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होऊ लागले. आता आघाडीपटू काही मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, दम घेतो, परत जातो. या खेळाला ताकद लागते, यात वाद नाही. वाद आहे तो कुठली ताकद याबद्दल.

चार तरुण, चार शरीरं

आपल्या उपखंडातले चार आघाडीपटू त्यांच्या उमेदीच्या वयात कसे खेळायचे ते आठवून पाहा.

पाकिस्तानचा हसन सरदार. 1982 चा विश्वचषक आपल्या मुंबईत, चर्चगेटच्या मैदानावर झाला. पाकिस्तानने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला 3-1 असं हरवलं. हसन सरदारने स्पर्धेत 11 गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंच, रुंद खांद्यांचा, सेंटर फॉरवर्ड म्हणावा तर अगदी हाच. पण ज्यांनी त्याला पाहिलं ते त्याच्या धक्क्यांबद्दल बोलत नाहीत. ते बोलतात त्याच्या झुकण्याबद्दल. एवढं मोठं शरीर तो एका बाजूला कलवायचा, बचावपटू त्या बाजूला जायचा आणि हा दुसऱ्या बाजूने निघून जायचा. आकार होता, पण तो समोरच्याला फसवण्याच्या कामी यायचा.

बनारसचा मोहम्मद शाहिद. एकोणिसाव्या वर्षी ज्युनियर विश्वचषकात दिसला आणि विसाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. स्पेनविरुद्धच्या त्या 4-3 च्या अंतिम सामन्यात चौथा गोल त्याचा. बांधा बेताचाच. काठी आणि चेंडू यांच्यात जणू धागा बांधलेला. शाहिदच्या ड्रिबलिंगला सगळे 'कला' म्हणून मोकळे होतात. मला मात्र त्यात घाम दिसतो. पूर्ण वेगात असताना चेंडू डावीकडून उजवीकडे इतक्या झटपट फिरवायचा म्हणजे मनगटं आणि पोटऱ्या काय पोलादाच्या लागत असतील! आपण ज्याला नजाकत म्हणतो ती बहुतेक वेळा लपलेली ताकद असते. 2016 मध्ये तो गेला, फक्त 56 वर्षांचा होता.

त्याचा जोडीदार अलिगढचा जफर इक्बाल, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधला कर्णधार. डाव्या बाजूने खेळायचा. शाहिद वळणं घ्यायचा, जफर सरळ रेषेत धावायचा. शाहिद दोघा-तिघांना गोळा करून ठेवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेतून जफर निघून जायचा. एकाला चपळाईची ताकद लागायची, दुसऱ्याला लांब पल्ल्याच्या वेगाची. एकाच कसोटीने दोघांना मोजलं असतं तर दोघांपैकी एक नक्की नापास झाला असता.

आणि चौथा आपला, खडकीचा धनराज पिल्ले. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्लबच्या मैदानाची निगा राखायचे. पोरं मोडक्या काठ्यांनी खेळली. 1989 मध्ये भारतीय संघात आला तेव्हा धनराज काडीपैलवान होता, शेवटपर्यंत फारसा बदलला नाही. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण मिळवलं, 1966 नंतर पहिल्यांदा. पंधरा वर्षं युरोपातले आडदांड बचावपटू त्याच्या मागे धावले. त्यांच्या वजनाशी तो भिडायला गेलाच नाही. ते वळेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. धनराजला कोणी 'ताकदीत कमी' म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी तरी नाही. कारण त्याचा निकाल पाहूनच आपण मत बनवलं. प्रश्न असा आहे की तेराव्या वर्षी, निकाल हातात नसताना, आपण त्याला रांगेतून बाहेर काढलं असतं की नाही?

आजची पोरं बघितली तर हाच पट दिसतो. सोनिपतचा अभिषेक पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला गोल करून गेला. 1972 नंतर ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला आपण पहिल्यांदा हरवलं तो हा सामना. गर्दीतून वाट काढून अवघड कोनातून फटका मारायचा, ही त्याची खासियत. त्याला हॉकीला लावणारे त्याच्या शाळेतले हिंदीचे शिक्षक होते, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्या मला जरा जास्तच आवडते. सुखजीत सिंग अखंड धावून बचाव फळीवर दबाव टाकणारा. पाठीच्या दुखापतीने त्याचा उजवा पाय काही काळ लुळा पडला होता. वडिलांच्या मदतीने पुन्हा उभा राहिला आणि ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. अमृतसरचा अराईजीत सिंग हुंडल या सगळ्यांत खऱ्या अर्थाने 'पॉवर फॉरवर्ड' शोभावा असा. डिसेंबर 2024 मध्ये मस्कतला ज्युनियर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर 5-3 असा विजय मिळाला, त्यातले चार गोल त्याचे. अशी ताकद संघाला हवीच. पण एकाच संघात तिघे अराईजीत असून भागत नाही. कोणीतरी पळून पळून समोरच्यांना दमवणाराही लागतो.

पातळ दुधाची गोष्ट

ताकदीवरून निवड करणाऱ्या प्रत्येकाने राणी रामपालची गोष्ट पाठ करावी असं मला वाटतं. हरियाणातल्या शाहाबाद मार्कंडाची ही मुलगी. वडील गाडा ओढायचे. ती प्रशिक्षकांकडे गेली तेव्हा कुपोषित आहे, सराव झेपणार नाही, म्हणून तिला परत पाठवलं गेलं, असं तिनेच सांगितलं आहे. तिला मैदानावर एक मोडकी काठी सापडली. सलवार-कमीज घालून ती त्या काठीने एकटीच पळत राहिली. शेवटी प्रशिक्षक विरघळले. मग घरच्यांचा अडसर. मुलगी स्कर्ट घालून खेळणार म्हणजे काय! तोही दूर झाला. सरावाला प्रत्येकीने अर्धा लिटर दूध आणायचं असा नियम होता. घरी ऐपत होती दोनशे मिलिलिटरची. ही पोरगी कोणाला न सांगता त्यात पाणी घालून न्यायची.

2010 च्या विश्वचषकात, पंधराव्या वर्षी, तिने सात गोल केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. पुढे टोकियोला भारताचा महिला संघ चौथा आला तेव्हा ती कर्णधार होती.

या गोष्टीत मला दोन माणसं महत्त्वाची वाटतात. एक ती मुलगी. दुसरे ते प्रशिक्षक, कारण त्यांनी आधी नकार दिला, पण नंतर पुन्हा पाहिलं. तिच्या अंगात कमी होतं ते दूध. पाय आणि जिद्द होतीच. कुपोषण हा शरीराचा स्वभाव नसतो, ती घरची परिस्थिती असते. आपल्याकडचे निवड करणारे बहुतेक वेळा घराच्या परिस्थितीलाच पोराची कुवत समजतात.

त्याच टोकियोतली वंदना कटारिया. चणीने लहान. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. उपांत्य सामना हरल्यावर तिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या. वंदना खेळत राहिली. 320 सामने आणि 158 गोल करून 2025 मध्ये निवृत्त झाली. शरीर मोजणाऱ्या फूटपट्टीवर यातलं काय मोजता येतं, हे कोणीतरी मला सांगावं.

एक जूनची पोरं

आता एक गोष्ट शिक्षक म्हणून. 1985 मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या ज्युनियर संघांमध्ये जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेली मुलं भरपूर आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली फारच थोडी, असं त्यांना आढळलं. यात ग्रहताऱ्यांचा संबंध नव्हता. वयोगटाची मर्यादा 1 जानेवारीला मोजली जायची. त्यामुळे जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठं असूनही एकाच गटात. नऊ-दहा वर्षांच्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे चांगली चार बोटं उंची. मोठं दिसणारं मूल निवडलं जायचं, त्याला जास्त सराव, चांगले प्रशिक्षक, जास्त सामने मिळायचे आणि काही वर्षांत ते खरोखरच सरस व्हायचं. मग निवडणारे म्हणायचे, पाहिलंत, आमची पारख!

आपल्याकडे हा घोळ आणखी वरच्या दर्जाचा आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. पानोपानी जन्मतारीख 1 जून. जन्माचा दाखला नव्हता, आई म्हणाली, "कापणीच्या वेळचा", गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने 1 जून टाकली. कापणीच्या वेळी जन्मलेलं ते पोर कागदावर कधी सहा महिन्यांनी मोठं झालं, कधी तेवढंच लहान. आता दाखले होतात, तरी अडाणी घरात, भाड्याची खोली बदलत फिरणाऱ्या कुटुंबात हा प्रकार संपलेला नाही. त्यात मुद्दाम वय चोरणाऱ्यांची भर. 'चौदा वर्षांखालील' स्पर्धेत दाढीची लव फुटलेले भिडू पाहिले नाहीत असा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक विरळाच. म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहायची वेळ खेळ संघटनांवर आली.

अशा रांगेत तेरा वर्षांचा खराखुरा तेरा वर्षांचा पोरगा किडकिडीतच दिसणार. त्यात चौदाव्या वर्षाच्या आसपास कोणाची उंची एकदम वाढते, कोणाची सोळाव्या वर्षी. ज्याचं शरीर लवकर भरलं तो चौदाव्या वर्षी सगळ्यांना ढकलून गोल करतो, त्याला काठी नीट फिरवायला शिकावंच लागत नाही. एरिक लिंड्रॉसला मान वर करायला शिकावं लागलं नसेल, तसंच. पुढे सगळे त्याच्याएवढे झाले की त्याचा खेळ आटतो. आणि ज्याने तोवर हाताची करामत शिकली होती, तो केव्हाच मैदान सोडून गेलेला असतो.

आपल्या मोहल्ल्यात

मुसलमान पोरांच्या बाबतीत यात एक वेगळाच गुंता आहे. "तुमची पोरं गोश्त खातात, त्यांना ताकदीला काय कमी?" असं मला चांगल्या, सुशिक्षित लोकांनी विचारलं आहे. कौतुकाने विचारलं आहे. त्यांना मी माझ्या वर्गातला सकाळचा नाश्ता सांगतो: काळा चहा आणि दोन खारी. गोश्त ईदला, लग्नात, नाहीतर पगाराच्या रविवारी. हमालाचं, रिक्षावाल्याचं, यंत्रमागावर कांडी भरणाऱ्याचं पोर हे कुठल्याही जाती-धर्माच्या गरिबाच्या पोरासारखंच दिसतं. शरीर जमातीवरून ओळखायची ही सवय कौतुकाची असो की भीतीची, मुळात एकच आहे. ती पंजाब्याला 'तगडा' म्हणते, झारखंडच्या आदिवासी मुलीला 'जन्मजात काटक' म्हणते आणि दोघांनीही केलेली मेहनत पुसून टाकते. सिमडेग्याच्या संगीता कुमारीचा वेग रानातून आपोआप आलेला नाही. त्यामागे वर्षांचा सराव आहे.

दुसरीकडे आपल्याच गल्लीत 'बॉडी'चं वेड शिरलं आहे. पंधरा वर्षांचं पोर जिममध्ये जातं, मित्राने सांगितलेल्या पावडरीचा डबा आणतं, आरशात दंड बघतं. त्या डब्याच्या पैशांत घरातल्या सगळ्यांना महिनाभर अंडी मिळाली असती. आणि हे पोर मैदानाच्या दोन फेऱ्यांत धापा टाकतं. अब्बांना वाटतं मुलगा तगडा होतोय. मी म्हणतो, अब्बा, त्याला पळवा. दंड फुगवून हॉकी होत नाही, कबड्डीही होत नाही.

आणि मुली. त्यांच्या ताकदीचा तर हिशोबच मांडला जात नाही. पाण्याच्या दोन कळशा घेऊन दोन जिने चढणारी सातवीतली मुलगी 'नाजूक' असते आणि मोबाइल घेऊन पडून असलेला तिचा भाऊ 'ताकदवान'. पोशाखाचा प्रश्न निघतो. तो निघाला तर उत्तरही सोपं आहे. पूर्ण पायाचा ट्रॅकसूट आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून शाळेच्या मैदानावर पळायला कोणाची हरकत असते? राणीच्या घरीही कपड्यांवरूनच अडलं होतं, हे मी पालक सभेत मुद्दाम सांगतो. साताऱ्याकडच्या खेड्यांतून ऋतुजा पिसाळ, वैष्णवी फाळके भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या. त्या खेड्यांतही लोक काय म्हणतील, हा प्रश्न होताच की.

मग करायचं काय

टर्फ नाही, हे रडगाणं मला मान्य आहे. चर्चगेट, बालेवाडी, पिंपरीचं नेहरूनगर अशी मोजकी नावं घेतली की संपलं. आपल्या बहुतेक शाळांचं मैदान मुरमाचं, काहींना तेही नाही. सिमेंटचं अंगण असतं, तेवढंच. पण निवड कशी करायची हे टर्फवर अवलंबून नाही.

शाळेच्या संघात सोळा वर्षांपर्यंत कोणालाही वजन-उंचीवरून काढू नये. काढायचंच असेल तर तीन गोष्टी पाहून काढा: चेंडू हरवल्यावर परत मागे धावतो का, दमल्यावर काठी जमिनीजवळ राहते का, आणि गेल्या महिन्यापेक्षा आज बरा खेळतो का. यातल्या एकाही गोष्टीला छाती मोजायची टेप लागत नाही.

मोठ्या दिसणाऱ्या पोराला अधूनमधून त्याच्याहून मोठ्या गटात खेळवा, म्हणजे धडकेशिवाय खेळायची वेळ त्याच्यावर येईल. लहानखुऱ्याला पाच-पाच जणांच्या छोट्या खेळात आणा, तिथे चेंडू वारंवार काठीला लागतो. आघाडीला तीन जागा असतील तर तिन्ही ठिकाणी एकाच मापाची पोरं उभी करू नका. एक जागा धरणारा, एक पळणारा, एक चकवणारा, अशी जुळणी करा. हसन सरदार, जफर, शाहिद.

क्लबवाल्यांना आणि मोहल्ल्यातल्या खात्यापित्या घरांना एक विनंती. स्पर्धेला ट्रॉफी, बॅनर, सत्काराच्या शाली यांवर होणारा खर्च अर्धा करा आणि उरलेल्या पैशांत सराव करणाऱ्या वीस पोरा-पोरींना रोज एक उकडलेलं अंडं आणि मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. जे अंडं खात नाहीत त्यांना दूध. वर्षभर. मग शरद ऋतूत त्यांची उंची-वजनं मोजा आणि 'आपल्यात ताकद नाही' हे वाक्य म्हणायचं की नाही ते तेव्हा ठरवा.

आणि शिक्षकमित्रांनो, पुढच्या वेळी निवडीची रांग उभी केलीत की ज्याला बाजूला करायला तुमचा हात उचलला जाईल, त्या पोराला आधी एवढंच विचारा, सकाळी काय खाऊन आलास? उत्तर ऐका, त्याला दुसऱ्या दिवशीही बोलवा आणि पुन्हा एकदा पळताना पाहा.